पाच तासांचे निशाण

शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येकाला स्वतःसाठी काही ना काही मिळवायचे असते. कुणाला इतरांच्या पुढे जायचे असते, कुणाला स्वतःच्याच मागील वर्षीच्या वेळेपुढे, तर कुणाला नुसते अंतिम रेषेपर्यंत पोहोचायचे असते. या साऱ्या गर्दीत एकच धावक असा असतो की, त्याला स्वतःसाठी काहीच नको असते. तो सर्वांच्या पुढे गेला तरी त्याचे चुकले, आणि मागे पडला तरी चुकलेच. ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या क्षणी, मागून येणाऱ्यांसह रेषा ओलांडणे एवढेच त्याचे काम. इंग्रजीत त्याला ‘पेसर’ म्हणतात, आणि मराठी धावकांनीही तो शब्द जसाच्या तसा उचलला आहे. पुढे चालणाऱ्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. म्होरक्या आहे, वाटाड्या आहे, अग्रणी आहे, पुढारी तर उदंड आहेत. परंतु म्होरक्याच्या हाती सत्ता असते आणि वाटाड्याजवळ वाटेचे ज्ञान. पेसरपाशी यांपैकी काहीच नसते. वाट तर दोन्ही बाजूंनी कठडे लावून आधीच आखलेली असते. या पावलाला किती वेळ लागला पाहिजे, एवढेच त्याने जाणायचे असते.

व्यावसायिक शर्यतींच्या परिभाषेत त्याला ‘रॅबिट’, म्हणजे ससा, असेही एक नाव आहे. मराठी कानांना हे नाव गमतीचे वाटावे. बालपणापासून परिचित असलेला ससा अतिविश्वासापायी झोपतो आणि हरतो. हा ससा मात्र मोबदला घेऊन धावतो आणि अर्ध्यावर बाजूला होतो. हरणे हाच त्याच्याशी झालेला करार असतो. क्वचित तो करार उलटतो. १९९४ साली लॉस एंजेलिसच्या मॅरेथॉनमध्ये पेसर म्हणून नेमलेला पॉल पिल्किंग्टन थांबलाच नाही. तो धावत राहिला आणि जिंकला. त्याच्या मागून आलेल्या इटालियन धावकाची तर बराच वेळ आपणच विजयी झालो अशी समजूत होती. अशा विपरीत प्रसंगांची चर्चा होते. जे काम नीट पार पडते त्याची सहसा होत नाही.

तरीही एक नीट पार पडलेले काम इतिहासात नोंदले गेले आहे. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथील इफ्ली रोडच्या मैदानावर रॉजर बॅनिस्टर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एक मैलाचे अंतर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत कापले, आणि चार मिनिटांची मर्यादा प्रथमच ओलांडली गेली. त्याच्या पुढे आधी ख्रिस ब्रॅशर धावत होता, नंतर ख्रिस चॅटअवे. पहिल्याच फेरीत बॅनिस्टरला आपले पाय इतके हलके वाटले की, वेग कमी पडतो आहे असे समजून त्याने ब्रॅशरला ‘आणखी जोरात’ म्हणून ओरडून सांगितले. ब्रॅशरने वेग वाढवला नाही. तो बरोबर होता आणि बॅनिस्टर चुकत होता, हे पुढे बॅनिस्टरनेच लिहून ठेवले. याच ब्रॅशरने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळवले, आणि १९८१ साली लंडन मॅरेथॉन सुरू करण्यात पुढाकार घेतला. परंतु ऑक्सफर्डच्या त्या संध्याकाळची त्याची कामगिरी एका नकारात साठलेली आहे. ज्याची सेवा करायची त्याचेच त्या क्षणी ऐकायचे नाही, असा तो नकार होता.

भारतीय संगीत ऐकणाऱ्याला हा प्रसंग अनोळखी वाटू नये. विलंबित ख्यालात गायक विस्तारात दूरवर जातो, तानेच्या भरात पुढे ओढला जातो. तबल्याने त्याच्यामागे वाहवत जायचे नसते. ठेका जिथे आहे तिथेच राहिला तरच गायकाला परतण्यासाठी सम शिल्लक राहते. चांगला ठेका धरणाऱ्याची वाहवा मैफलीत फार होत नाही. पण तो नसता तर काय झाले असते, हे गाणाऱ्याला पुरते ठाऊक असते.

मात्र बॅनिस्टरच्या मागे-पुढे धावणारी माणसे एकमेकांची मित्र होती, आणि तिघेही कसलेले धावपटू होते. सर्वसामान्यांच्या मॅरेथॉनमध्ये पेसरचे रूप पालटते. तिथे एकाच्या मागे चाळीस-पन्नास अनोळखी माणसे असतात. त्यांत कारकून असतात, गृहिणी असतात, नुकतेच पन्नाशी ओलांडलेले आणि वैद्याने बजावल्यामुळे धावू लागलेले गृहस्थ असतात. पेसरच्या पाठीवर बांधलेल्या काठीला एक लहानसे निशाण असते व त्यावर तासांचा आकडा लिहिलेला असतो. त्या आकड्यावर विसंबून ही माणसे त्याच्यामागे येतात. अशा घोळक्याला धावकांच्या बोलीत ‘बस’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत १९२१ साली सुरू झालेल्या ‘कॉम्रेड्स’ या सुमारे ९० किलोमीटरच्या शर्यतीत हा शब्द चांगलाच रुळला आहे. तिथे बसचा ‘चालक’ असतो. कुठे धावायचे, कुठे चालायचे हे तोच ठरवतो, आणि त्याच्यामागचा घोळका गाणी म्हणत डरबन व पीटरमॅरिट्झबर्ग यांमधील टेकड्या चढतो-उतरतो. बारा तास भरले की एक अधिकारी धावकांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. रेषेपासून दोन पावलांवर असलेल्यालाही मग पदक मिळत नाही. त्याने पाठ का करावी, हे तिथल्या चालकांना सांगावे लागत नाही. समोरचे चेहरे पाहिले तर बंदूक उडवणाऱ्याचा हात थबकेल.

मुंबईत २००४ साली मोठी मॅरेथॉन सुरू झाली, आणि कालांतराने तिथेही निशाणे आली, बसही आल्या. अशाच एका बसचे निशाण हाती घेण्याचे ठाण्यातील एका शिक्षिकेने कबूल केले होते. वय एक्कावन्न. शाळेत गणित शिकवण्यात सत्तावीस वर्षे गेलेली. नऊ मॅरेथॉन धावून झालेल्या, त्यांतील सर्वांत चांगली वेळ ४ तास २८ मिनिटे. धावकांच्या मंडळाने तिला पाच तासांचे निशाण देऊ केले. पेसरला स्वतःच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा बरेच सावकाश काम देण्याची रीत आहे, म्हणजे त्याच्या अंगी थोडी शक्ती शिल्लक राहते. त्या हिशेबाने निवड योग्यच होती. होकार देताना तिला क्षणभर अभिमानही वाटला. शंका आली ती त्याच रात्री, आणि शर्यतीपर्यंतचे पाच आठवडे ती गेली नाही.

प्रथम ती शंका देहाविषयीची होती. तीन वर्षांपूर्वी एका शर्यतीत चौतिसाव्या किलोमीटरला तिच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, आणि उरलेले अंतर तिने अर्धे चालत, अर्धे लंगडत पुरे केले होते. देहातील साखरेचा साठा तीस-बत्तीस किलोमीटरच्या सुमारास सरत येतो. धावक त्या अवस्थेला ‘भिंत’ म्हणतात. भिंत कुणाला लागेल आणि कुणाला नाही, हे सरावाने बरेचसे ठरते, पण पूर्णपणे ठरत नाही. स्वतःच्या शर्यतीत कोसळणे ही खासगी घटना असते. घरी येऊन गरम पाण्यात पाय बुडवले, दोन दिवस कुणाशी फारसे बोलले नाही, की ती संपते. निशाण पाठीवर असताना पोटरीत गोळा आला तर तो चाळीस माणसांच्या पोटरीत येणार होता.

त्यानंतर शंका हिशेबात शिरली. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले आणि १९२१ साली प्रमाण म्हणून स्वीकारले गेले. ते पाच तासांत कापायचे, तर किलोमीटरला ७ मिनिटे आणि साडेसहा सेकंद, हा झाला शाळेतल्या फळ्यावरचा भागाकार. रस्त्यावरचा भागाकार निराळा असतो. मार्ग मोजताना शक्य तितकी जवळची रेषा धरतात, वळणावर आतल्या कडेपासून अवघ्या ३० सेंटिमीटरवरून. धावणारा मात्र गर्दी चुकवत, पाण्याच्या टेबलाकडे वळत, कधी या कडेने तर कधी त्या कडेने जातो आणि शेवटी चारशे-पाचशे मीटर अधिक धावतो. मनगटावरचे घड्याळ उपग्रहांना विचारून अंतर सांगते, पण उंच इमारतींच्या गर्दीत तेही चुकते. अंतर ४२.६ किलोमीटर भरणार असे धरले, तर वेग ७ मिनिटे अडीच सेकंदांवर ठेवावा लागतो. किलोमीटरला पाच सेकंदांची चूक झाली, तर शेवटी साडेतीन मिनिटांचा फरक पडतो. त्यात आणखी एक गुंता असा की, प्रत्येकाचा वेळ तो आरंभरेषेवरची चटई ओलांडतो तेव्हापासून मोजला जातो. जो पेसरच्या दोन मिनिटे आधी रेषा ओलांडून गेला आणि पुढे मंदावून बसमध्ये सामील झाला, तो निशाणाबरोबर ४ तास ५९ मिनिटांनी पोहोचला तरी त्याचे स्वतःचे ५ तास १ मिनिट झालेले असतात. निशाणावरचा आकडा सर्वांना सारखाच दिसतो, पण तो सर्वांसाठी सारखा खरा नसतो.

हा हिशेब तिने वहीच्या तीन पानांवर मांडला. गणित सुटले, शंका सुटली नाही. खरी अडचण निराळीच आहे, हे तिला तेव्हा उमगू लागले. जुन्या शास्त्रग्रंथांच्या आरंभी ‘अधिकारी कोण’ असा प्रश्न विचारला जाई, आणि तो शिकणाऱ्याविषयी असे. तिच्यापुढे तोच प्रश्न उलटा होऊन उभा होता. आपण इतरांपेक्षा काही विशेष जाणतो असे तिला वाटत नव्हते. वर्गातही पहिली दोन-तीन वर्षे तिला असेच वाटत असे. परंतु वर्गात चुकलेले उदाहरण दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडवता येते. वर्षभर पहाटे चारला उठून ज्यांनी सराव केला, त्यांचा तो एक दिवस तिच्या हाती यायचा होता, आणि त्याला दुसरा दिवस नव्हता.

शर्यतीच्या आठवडाभर आधी बसमध्ये येऊ इच्छिणाऱ्यांची गाठ पडली. त्यांत एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक होते. त्यांचे वय एकसष्ट. त्यांनी हसत विचारले, ‘‘ताई, बसमध्ये जागा आहे ना? आयुष्यभर दुसऱ्यांना बसवलं, आता जरा आम्हीही बसू.’’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘‘गेल्या वर्षी पाच तास चार मिनिटं झाली. यंदा पाचच्या आत पोचवा. पुढच्या वर्षीचं कोण सांगणार?’’

‘‘काका, मीही पहिल्यांदाच निशाण घेते आहे,’’ तिने सांगून टाकले. हे सांगितले म्हणजे ते दुसरे निशाण शोधतील, अशी तिची एक अर्धवट आशाही होती.

‘‘मग बरंय,’’ ते म्हणाले. ‘‘नवा ड्रायव्हर वेळापत्रक बघून गाडी चालवतो. जुना अंदाजानं हाणतो. आणि एक सांगू का, उशिरा आलेली गाडी लोकांना मिळते तरी. वेळेआधी निघून गेलेली गाडी कुणालाच मिळत नाही.’’

वेळेआधी जाण्याचे हे भय अकारण नव्हते. पेसरांच्या चुका पाहिल्या तर त्या बहुधा वेग कमी पडल्याच्या नसतात. आरंभी वेग अधिक झाल्याच्या असतात. आठवडाभर विश्रांती घेतलेले पाय, पहाटेची हवा, ढोल, टाळ्या, आणि ‘हा वेग तर आपल्याला पाण्यासारखा आहे’ ही जाणीव. तिच्या पायांना किलोमीटरला ६ मिनिटे २१ सेकंदांची सवय होती. सात मिनिटांचा वेग तिला सोपा वाटणारच, आणि सोपे वाटणे हाच धोका होता. पहिल्या दहा किलोमीटरांत दोन-तीन मिनिटे ‘शिल्लक टाकली’ की पुढे उपयोगी पडतील, असा मोह होतो. परंतु पेसरची ती शिल्लक मागच्यांच्या देहातून काढलेली असते. मुंबईच्या शर्यतीत पेडर रोडच्या चढणीचा धसका धावकांनी वर्षानुवर्षे घेतलेला आहे. दमलेल्या पायांनी ती चढताना आरंभीच्या उसन्या मिनिटांची परतफेड करावी लागते, तीही व्याजासह, आणि ती निशाणवाल्याला नव्हे तर त्याच्या मागे येणाऱ्याला.

म्हणूनच पेसरच्या मनातली शंका ही दौर्बल्याची खूण मानता येत नाही. स्वतःविषयी निःशंक असलेला धावक आपल्या पायांचे ऐकतो. ज्याला शंका आहे तो दर किलोमीटरला घड्याळ पाहतो, रस्त्यावरच्या फलकाशी ते ताडून पाहतो आणि मागे वळून चेहरे पाहतो. स्वतःसाठी धावणाऱ्याच्या पायांना शंका जड करते; दुसऱ्यासाठी धावणाऱ्याच्या पायांना ती आवर घालते. परंतु हे कळल्याने शंका हलकी होते असेही नाही. तिने तसे मानून पाहिले आणि रात्री पुन्हा वही उघडली.

सर्वांत अवघड प्रश्न तर हिशेबात बसणाराच नव्हता. बसमधली माणसे शेवटपर्यंत बसमध्ये राहत नाहीत. अर्ध्या अंतरापर्यंत घोळका दाट असतो, तिशीनंतर तो विरळ होतो, आणि चाळिसाव्या किलोमीटरला पाठीमागे सहा-सात जणांच्या पावलांचाच आवाज येतो. एकसष्ट वर्षांचे ते वाहक सदतिसाव्या किलोमीटरला मागे पडू लागले तर काय करायचे? वारीच्या वाटेवर या प्रश्नाला उत्तर आहे. आळंदीहून पंढरपूरला निघालेली पालखी दिवे घाट चढते त्या दिवसाची मजल लांबलचक असते. दमलेले वारकरी मागे राहतात, झाडाखाली टेकतात, रात्री उशिरा सासवडच्या मुक्कामी पोहोचतात. त्यांची वारी त्यामुळे उणी होत नाही. दिंडीतील वीणेकरी खांद्यावरची वीणा खाली ठेवत नाही, पण ती वीणा कुणाला उशीर झाल्याचेही सांगत नाही. मॅरेथॉनचे दैवत मात्र वेळ हेच आहे, आणि तिथे उशिराला मुक्काम नाही.

एका बुजुर्ग पेसरला तिने हे विचारले. तो बारा-तेरा वेळा निशाण घेऊन धावलेला होता. ‘‘मॅडम, थांबायचं नाही,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्ही एकासाठी थांबलात, तर जे सहा जण तुमच्या भरवशावर आहेत त्यांना फसवलंत. आणि जो मागे राहिला, त्यालाही फसवलंत. त्याला लांबून निशाण दिसत असतं. ते निशाण खोटं बोलत नाही, एवढाच त्याला आधार असतो.’’ थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘‘पण मागे वळून बघायचं. बघितलं नाही तर तुमच्यात आणि घड्याळात फरक काय राहिला?’’

या उत्तराने तिचे समाधान झाले नाही, आणि होऊ नये असेही त्यात काहीतरी होते. निशाण माणसांसाठी आहे, आणि तरी एकट्या माणसासाठी त्याला मंदावता येत नाही. सर्वांना दिलेला शब्द पाळताना एकाला मागे सोडावे लागते, हा व्यवहार शाळेतही होता. पस्तीस मिनिटांच्या तासात पाठ पुढे न्यावा लागे, आणि मागच्या बाकावर एखादा चेहरा पहिल्याच पायरीवर अडलेला दिसे. सत्तावीस वर्षांत तिला त्यावर तोडगा सापडला नव्हता. घंटा झाल्यावर त्या बाकाजवळ जाऊन बसायचे, एवढेच ती करत आली होती. शर्यत संपल्यावर अंतिम रेषेपाशी उभे राहता येईल, एवढे तिने मनाशी ठरवले. त्याने वेळ बदलणार नव्हती. पण वाट पाहणारे कुणीतरी तिथे असणार होते.

जानेवारीतल्या त्या रविवारी पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर अजून अंधार होता. पाठीवर काठी बांधताना तिची बोटे थरथरत होती, आणि ते शेजारच्या मुलीच्या लक्षात आले. ‘‘ताई, थंडी वाजते?’’ तिने विचारले. जानेवारीतली का असेना, मुंबईच्या दमट हवेत थंडीचे निमित्त चालण्यासारखे नव्हते. ‘‘नाही गं, भीती वाटते,’’ तिने सांगितले. मुलगी हसली. ‘‘मला वाटलं मलाच वाटते,’’ ती म्हणाली, आणि आजूबाजूचे तिघे-चौघे जण जरा जवळ सरकले.

बंदूक झाली. चटई ओलांडायला काही मिनिटे गेली. तिने ओलांडताना घड्याळ सुरू केले आणि आपल्याबरोबर कोण कोण आहे ते मोजून घेतले. दोन्ही बाजूंनी माणसे झपाट्याने पुढे जात होती. पायांना कळवळून पुढे जायचे होते. पहिल्या किलोमीटरच्या फलकापाशी घड्याळाने ७ मिनिटे ४ सेकंद दाखवले. शेजारून एक तरुण म्हणाला, ‘‘मॅडम, फार हळू नाही का होत? सगळे पुढे चाललेत.’’

तिने मागे वळून पाहिले. वाहक दुसऱ्या रांगेत होते, श्वास शांत, हात सैल.

‘‘हळू नाही,’’ ती म्हणाली. ‘‘वेळेवर आहोत.’’ आणि पुढच्या फलकापर्यंतची पावले मनात मोजू लागली.